दोन ओटे आणि एक कोरी प्लेट

भिंगरी ओट्यावरून कापसाची काडी फिरवत होती आणि आई शेजारी हाताची घडी घालून उभी होती, पोरीला परीक्षेच्या बाकावर बसवून आल्यासारखी.

"कोपऱ्यातही फिरव. मला कसली भीती नाही," आई म्हणाली.

"आई, ही स्पर्धा नाहीये."

"मी कुठे म्हणाले स्पर्धा आहे? वरच्या मजल्यावर जाशील तेव्हा शेगडीच्या मागेही फिरव, म्हणजे झालं."

भिंगरी म्हणजे घरातली एकुलती लेक. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव पडलं, आणि आता ती विद्यापीठात वैद्यकीय प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती तरी ते सुटलं नव्हतं. माणसाच्या रक्ता-लघवीतून, थुंकीतून आजार कसा शोधायचा हे शिकायचं, आणि त्याआधी जंतू पाळायला शिकायचं. त्यासाठी मॅडमनी घरचा अभ्यास दिला होता. घरातल्या कुठल्याही दोन जागांवरून काडी फिरवा, ती पसरट काचेच्या प्लेटमधल्या जेलीवर ओढा, उबेत ठेवा, आणि काय उगवतं ते बघा.

बाकीच्यांनी दाराची मूठ, मोबाइल, चपला अशा साध्यासुध्या जागा निवडल्या. भिंगरीला मात्र कळायला लागल्यापासून एकच प्रश्न पडलेला होता. खाली आईचं स्वयंपाकघर होतं, वर आत्याचं. आई ओटा पुसायची आणि मग पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. वर एकटी राहणारी आत्या ओटा पुसायचं फडकं धुवायची, आणि ते धुतलेलं फडकं ज्या दोरीवर वाळत घालायचं ती दोरी पुसायला तिच्याकडे वेगळं फडकं होतं. दोघी कधी भांडल्या नव्हत्या. दर रविवारी सगळे खाली एकत्र जेवायचे, आत्या वरून एक पातेलं घेऊन यायची, आणि आई त्या पातेल्याच्या बुडाकडे फक्त एक नजर टाकायची. त्या एका नजरेत सगळं काही असायचं. तर मग खरं जास्त स्वच्छ कोण? विज्ञान हाताशी असताना हे विचारायचं नाही, तर मग शिकायचं तरी कशाला?

मॅडमनी तिसरी एक प्लेटही सांगितली होती. काडी पाकिटातून काढायची, कशालाही न लावता तशीच जेलीवर ओढायची. ही कोरी प्लेट. भिंगरीने ती गाळली. जिथे काही लावलंच नाही तिथे काय कपाळ उगवणार?

दोन दिवसांनी उबेच्या कपाटातून प्लेटा बाहेर आल्या. एकीवर चारदोन ठिपके होते, दुसरीवर मात्र जत्राच भरलेली, पिवळसर पांढऱ्या गोल गोल थेंबांची. भिंगरी हरखली. फोटो काढायला गेली तर झाकणांना आतून वाफ धरलेली. मॅडम बाहेर गेल्या होत्या. तिने दोन्ही झाकणं उचलली, बाजूला ठेवली, जंतूंचे छान जवळून फोटो काढले, झाकणं परत लावली आणि मग झाकणांवर लिहिलेलं वाचलं. चारदोन ठिपक्यांवर लिहिलं होतं 'आत्या'. जत्रेवर लिहिलं होतं 'आई'.

घरी आल्यावर तिने फोटो फक्त बाबांना दाखवले. चूक झाली ती इथे. बाबांना लेकीचं कौतुक पोटात ठेवता येत नसे. त्यांनी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'डावीकडे आमचा ओटा, उजवीकडे ताईचा. लेकीचं पहिलं संशोधन.'

आईला बातमी मावशीच्या फोनवरून कळली.

"अगं, बऱ्या आहात ना सगळे? जुलाब वगैरे?" मावशीने विचारलं.

"आम्हाला कशाला जुलाब होतील?"

"नाही, फोटो बघितला तुझ्या ओट्याचा."

आईने फोन ठेवला, बाबांकडे बघितलं, आणि बाबा वाचत असलेलं वर्तमानपत्र उलटं धरून बसले.

संध्याकाळी आत्या जिना उतरून आली. हातात फिनेलची नवी बाटली होती.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे जास्तीची होती," ती मायेने म्हणाली. "आधी गरम पाणी, मग हे, मग परत गरम पाणी. सवयीने जमतं."

"ठेवा तुमच्याकडेच, वन्सं. तुम्हाला दोरीला लागेल," आई म्हणाली.

त्या रविवारी आत्या जेवायला आली ती स्वतःचं ताट-वाटी-पेला घेऊन. आईने ते ताट बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "वन्सं, आमच्याकडचं अन्न तुम्हाला सोसायचं नाही. उगाच धोका कशाला?" आत्या आल्या पावली वर गेली. खाली आईने एकटीने वाढून घेतलं. बाबांना कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती, म्हणून ते ताट घेऊन जिन्याच्या मधल्या वळणावर बसले आणि दोन्हीकडून आमटी आली नाही म्हणून कोरडा भात जेवले.

भिंगरी आईनंतर ताट घेऊन टेबलाशी बसली. लहानपणापासून रविवार म्हणजे एका टेबलाभोवती चौघांचे हात आणि एकाच वेळी चाललेली चार बोलणी. आता भिंतीवरच्या घड्याळाचे काटे ऐकू येत होते. हे आपण केलंय, आणि तेही नुसत्या कापसाच्या काडीने, हे तिला पटत नव्हतं आणि टाळताही येत नव्हतं.

प्रयोगशाळेत तिची शेजारीण होती गाळणी. तिच्या पोटात कुठलंच गुपित टिकत नाही म्हणून गाळणी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"झाकणं काढलीस, तेव्हा कुठलं कुठल्या प्लेटचं होतं हे बघितलंस?"

"झाकणावर नाव होतं ना."

"झाकणावर होतं. प्लेटवर काय होतं?"

भिंगरीचा चेहरा जेलीसारखा झाला. मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, नाव नेहमी खालच्या भागावर लिहायचं, कारण जंतू तिथे राहतात. झाकण काय, कुणाच्याही घरी जाऊन बसतं.

तिने घरी जाऊन सांगितलं, "झाकणं बदलली असतील. म्हणजे कदाचित उलटं असेल."

"हां, आईला वाचवायला खोटं बोलतेस," आत्या म्हणाली.

"कदाचित?" आई म्हणाली. "एवढा तमाशा केलास आणि आता कदाचित? आत्याला बोलायचा धीर नाही तुला."

म्हणजे पूर्वी दोघी एकमेकींवर रागावल्या होत्या, आता दोघी मिळून तिच्यावर रागावल्या, तेही वेगवेगळ्या मजल्यांवरून.

मॅडमनी प्रयोग पुन्हा करायला सांगितला, आणि या वेळी कोरी प्लेट सोडायची नाही अशी तंबी दिली. कोरी प्लेट नसेल तर वही तपासणारच नव्हत्या. तोवर घरात दोन्ही ओट्यांवर एवढं फिनेल पडलं होतं की माशी चुकून बसली तर घसरून पडेल. भिंगरीने काड्या फिरवल्या, प्लेटांच्या बुडाला ठळक नावं घातली, तिसरी कोरी लावली, आणि दोन दिवसांनी कपाट उघडलं.

तिन्ही प्लेटांवर जत्रा होती.

मॅडमनी चष्मा पुढे सरकवून आधी प्लेटा बघितल्या, मग भिंगरीला.

"खालच्या ओट्यावर हेच, वरच्या ओट्यावर हेच, आणि जी कशालाच लावली नाही तिच्यावरही हेच. तिन्हींत सारखं काय आहे?"

भिंगरीने बराच विचार केला. "जेली?"

"जेली अख्ख्या वर्गाला एकच दिली होती. बाकीच्यांच्या कोऱ्या प्लेटा कोऱ्याच आहेत. काडी कशी काढतेस ते करून दाखव."

भिंगरीने पाकीट फोडलं, काडी काढली, कापसाचं सुटलेलं टोक बघितलं आणि दोन बोटांत धरून सुबक पीळ दिला, सुईत ओवताना दोऱ्याला देतात तसा. मग ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. आईने तिला शिवण शिकवलं तेव्हापासून हाताला कुठलंही टोक लागलं की पीळ बसायचा.

"हे तुझे आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या हातावरचे. पहिल्या वेळीही हेच झालं असणार, ज्या काडीला पीळ जास्त, तिच्या प्लेटवर जास्त."

एकदम तिला हलकं हलकं वाटलं. पण लगेच तिने मॅडमना विचारलं, हे घरी कोण मानणार? आई म्हणेल आत्याला वाचवतेय, आत्या म्हणेल आईला.

"मग दोघींना इथे घेऊन ये," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांनी बघू देत."

दोघी बसमध्ये पुढे-मागे बसून आल्या. मॅडमनी जंतूंना रंग देऊन काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. आईने आधी डोळा लावला. आणि काढेचना.

"वहिनी, बाकीच्यांनाही बघायचंय."

"थांबा हो, वन्सं. अहो, जांभळे आहेत. घोसच्या घोस. द्राक्षांसारखे."

आत्याने जवळजवळ ढकलूनच जागा घेतली. "अगबाई. किती नीटनेटके बसलेत."

"घाबरायचं कारण नाही," मॅडम म्हणाल्या. "असले बहुतेकांच्या कातडीवर असतात. सहसा त्रास देत नाहीत. उलट वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत, पहारा करतात म्हणा. आणि एका घरात राहणाऱ्या माणसांचे हे एकमेकांकडे जात असतात."

आई सरळ उभी राहिली.

"म्हणजे हे माझ्याकडून गेले असणार. मी तिची आई आहे."

"जन्म तुम्ही दिलात," आत्या डोळा न काढता म्हणाली, "पण तुम्ही नोकरीवर जायचात तेव्हा दिवसभर तिला कडेवर कोण घेऊन फिरायचं? आंघोळ कोण घालायचं?"

"आंघोळीने जंतू जातात, वन्सं. येत नाहीत."

"बघा ना, किती टापटिपीने राहतात. एकमेकांना धरून. हे तुमच्याकडचे वाटतात तुम्हाला?"

"मॅडम, तुम्हीच सांगा, हे कुणावर गेलेत?"

मॅडमनी उत्तर द्यायच्या ऐवजी भिंगरीची वही ओढून घेतली आणि तपासायला सुरुवात केली. हसू लपवायला त्यांना दुसरं काही सापडलं नसावं.

परतीच्या बसमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या, कारण पुढे-मागे बसून भांडताना मान अवघडते. वाद बसमधून रस्त्यावर आला, रस्त्यावरून दारात आला. खालच्या स्वयंपाकघरात आईने ताटं मांडली तेव्हा आत्या जिना चढायचं विसरून खुर्चीत बसली, कारण भिंगरीच्या लहानपणच्या गालगुच्च्यांचा मुद्दा अजून सुटायचा होता. आई बोलता बोलता तिला वाढत होती आणि आत्या बोलता बोलता दुसऱ्यांदा मागत होती.

बाबा सवयीने ताट उचलून जिन्याकडे निघाले होते. ते दारातच थबकले.

"आता कशावरून?" त्यांनी भिंगरीला हळूच विचारलं.

"माझ्या हातावरचे जंतू कुणावर गेलेत यावरून. आई म्हणते आईवर, आत्या म्हणते आत्यावर."

बाबा ताट घेऊन टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. बराच वेळ दोघींचं ऐकत राहिले. मग त्यांनी आपला पंजा उलटासुलटा करून पाहिला आणि जरा उतरल्या आवाजात विचारलं, "माझ्यावर गेलेला एकही नाही का गं?"