सोदाहरण शाबासकी

आमचे पागे सर लोकांनी एकमेकांचं केलेलं कौतुक लाल पेनाने तपासतात आणि निम्म्याहून जास्त कौतुक नापास करतात.

फ्रीगंजमधल्या आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत तीन वर्षांपूर्वी प्राचार्य मॅडमनी शाबासकीची पेटी ठेवली. मुलांनी, शिक्षकांनी, शिपायांनी एकमेकांबद्दल चिठ्ठीवर चार चांगले शब्द लिहायचे; सोमवारी प्रार्थनेनंतर ते वाचून दाखवायचे. शाळेचं कुटुंब व्हावं, हा हेतू. पेटी हिंदी शिकवणाऱ्या पागे सरांकडे गेली आणि मोजणी, गणितवाला म्हणून, माझ्याकडे. शनिवारी सगळे तास घेऊन झाल्यावर मी चिठ्ठ्या मोजत बसतो. घरून हिचा फोन येतो, "येताय, की तिथेच राहताय?"

एका शनिवारी एक्केचाळीस चिठ्ठ्या आल्या. सोळा पास झाल्या.

"वर्मा मॅडम बहुत अच्छी हैं." याखाली सरांनी लिहिलं, "किसलिए? सोदाहरण लिखिए." वर्मा मॅडम दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पाचवीतल्या एका मुलीने लिहिलं, परी मला डब्यातलं देते. चिठ्ठी परत: "क्या देती है?" मुलीने लिहून आणलं, "भिंडी. मुझे पसंद नहीं, फिर भी देती है." ही मात्र पास!

"बघा, हे खरं कौतुक," सर मला म्हणाले. "बाकी सगळा मस्का आहे, भाई."

माझ्या वहीत सगळ्यांची नावं आहेत, पुढे आकडे. पागे सरांपुढे तीन वर्षं शून्य. ज्याने आपलं कौतुक परत पाठवलं, त्याचं कौतुक कोण करणार? एकदा पेन पुसता पुसता त्यांनी विचारलं, "वहीत माझंही नाव आहे का हो?"

"आहे ना."

"बरं."

आकडा त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही. मार्चअखेर ते निवृत्त होणार. उरलेले शनिवार मोजले तर पाच निघाले.

त्यातल्या पहिल्याच शनिवारी त्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली. चक्क मराठीत. खाली शाळेची घंटा वाजवणाऱ्या लीलाबाईंची सही.

"पागे सर मला लिहायला शीकवतात. रोज खूप चेष्टा करतात."

तीन वर्षांत पहिली, आणि तीही तक्रार! दडपावी म्हटलं, पण मग बेरीज चुकते. शेवटी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. सर मात्र तळापर्यंत वाचतात. ती त्यांनी दोनदा वाचली.

"बाईंना काहीतरी लागलं असेल," मी म्हणालो. "पन्नाशीच्या बाईची चेष्टा केली की..."

"अहो, ही हिंदीतली चेष्टा. प्रयत्न!" सर म्हणाले. "मधल्या सुट्टीत खेळाच्या सामानाच्या खोलीत बसतो आम्ही. दिवाळीपर्यंत अंगठा लावायची. आणि आता मला बरं वाटावं म्हणून मराठीत लिहिलंय."

"मग शब्द बदला. 'शी'सुद्धा दीर्घ पडलाय."

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. "राहू द्या."

"सोमवारी वाचायची?"

"नको. आपली मराठी मंडळी हसतील. तिला वाटेल, आपलं चुकलं." चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. मग खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली.

"तुमच्या वहीत मात्र चढवा."

मी शून्य खोडून एक लिहिला. चष्मा कपाळावर चढवून ते वहीवर वाकले.

"जरा ठळक करा ना, भाई."