तात्यांच्या गिरणीचं ध्येय

कळस गावातल्या आमच्या आळीत तात्यांची पिठाची गिरणी होती. पीठ कायम एकसारखं, पण तिच्या भिंतीवरचं वाक्य सारखं बदलायचं.

झालं असं, की तात्या बारामतीला धंदेवाल्यांच्या शिबिराला जाऊन आले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, आपला धंदा कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहा आणि सगळ्यांना दिसेल असं लावा. बाकीचे चहा पिऊन विसरले. तात्यांनी येताना गेरू आणि ब्रश आणला.

पहिलं वाक्य होतं ‘ग्राहक हाच देव’. दोन दिवसांत त्यावर चुना फासला. "ह्ये तर समद्याच दुकानात हाय," म्हणाले.

मग ‘दर्जा, सचोटी, तत्परता’. आळीतल्या हौसाआक्कांना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "ह्या तिघी कुणाच्या सुना?" तात्या हसले नाहीत.

त्यानंतर ‘जेवढं धान्य तेवढं पीठ’. आक्का म्हणाल्या, "मागल्या खेपंला माझं वंजळभर कमी भरलं."

"थोडं जात्याला चिकटतं, आक्का."

"मग तसं लिवा की."

संध्याकाळी पुन्हा चुना. "जे पाळता येत न्हाय, ते भिंतीवर न्हाय," हे तात्यांचं ठरलेलं बोलणं.

प्रत्येक नवं वाक्य ते आधी मला दाखवायचे. "तू चौथी शिकलीयास, पोरी. तुला कळलं की गावाला कळलं." मी पदर सावरून मान हलवायची. मला सगळीच वाक्यं कळायची, त्यामुळे माझा त्यांना काही उपयोग झाला नसावा.

भिंतीवर न लिहिलेले त्यांचे दोन नियम मात्र कधी बदलले नाहीत. ज्याचं दळण, त्यानं समोर बसायचं. डबा ठेवून गेलात तर तो तसाच राहणार. आणि पीठ गरम असताना झाकण लावायचं नाही. "निवू दे. गरम पीठ कोंडलं की वास लागतो." ते निवेपर्यंत तात्या कुणाच्या मेंढ्या कुठल्या रानात बसल्या, कुणाची लेक माहेरी आली, सगळं विचारून घ्यायचे. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून त्यांच्या घराला दिवसभर कुलूपच असायचं.

मग स्टँडजवळ नवी गिरणी निघाली. तिथं डबा ठेवून बाजार करून आलं, की पीठ तयार. एकेक गिऱ्हाईक तिकडं वळलं. तात्यांचा पुतण्या दत्ता म्हणाला, "तात्या, तुमीबी लिवा, ‘डबा ठेवा, तयार पीठ न्या’. न्हायतर गिरणी बंद पडंल."

तात्यांनी ब्रश भिजवला. ‘डबा ठेवा’ एवढं लिहून थांबले. दत्ता गेल्यावर माझ्याकडे वळले.

"कसं वाटतंय, पोरी?"

आजवर मी त्यांच्याशी "व्हय" पलीकडे बोलले नव्हते. त्या दिवशी मी म्हणाले, "त्या सायबानं धंदा कशासाठी हाय ते लिवा म्हनलं व्हतं न्हवं?"

तात्यांनी ब्रश खाली ठेवला. रिकाम्या गिरणीत पट्टा नुसताच फिरत होता.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर होतं, ‘येथे दळण होईपर्यंत बसायला मिळेल.’ खाली काकूंची बाज टाकलेली, शेजारी पाण्याचा माठ. हौसाआक्कांनी माझ्याकडून वाचून घेतलं. मग बाजेवर बसल्या, ती थोडी हलवून पाहिली.

"ह्ये खरं हाय," म्हणाल्या.

ते वाक्य नंतर पुसलं गेलं नाही. गिऱ्हाईक फार वाढलं असंही नाही. आळीतल्या आम्ही बायका जात राहिलो, आणि तेवढ्यावर गिरणी चालली.

एकदा माझं दळण शेवटचं होतं. बाकी सगळ्या गेल्या होत्या. मी डब्यात हात घालून पाहिला, तर पीठ केव्हाच गार झालं होतं.

तात्या पट्टा उतरवत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "निवलं का गं?"

"न्हाय अजून," मी म्हणाले, आणि बाजेवर बसले.