तिठ्यावरचा कोहळा

यज्ञेश्वर पोतनीसांच्या ताटात त्या दुपारी अर्धा कोहळा आला आणि त्यांचा संसारावरचा विश्वास पार उडाला. कोहळा म्हणजे कोहळ्याची भाजी नव्हे, सांडगे नव्हेत, पेठा तर नव्हेच. बेताच्या आकाराचा, मधोमध कापून आतून खरवडलेला सबंध अर्धा कोहळा. त्यात बिटाच्या रसात शिजवलेला लालभडक दलिया गच्च भरलेला, त्यावर लिंबाची फोड आणि उभी खोचलेली एक हिरवी मिरची.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“कोहळा बाउल,” विनोदिनीबाई म्हणाल्या. “अपर्णा मॅडमनी सांगितलाय. गर्मीत एकदम ठंडा. ग्रुपमध्ये सगळ्यांकडे आज हाच बनतोय.”

“आणि जेवायला?”

“हेच जेवण आहे.”

यज्ञेश्वररावांची शुगर वाढली होती, एवढं खरं. डॉक्टर म्हणाले, फिरा, खाण्यावर लक्ष ठेवा. डॉक्टर एवढंच म्हणून थांबले, पण विनोदिनीबाई थांबल्या नाहीत. त्यांनी कॉलनीतल्या फिटनेस ग्रुपमध्ये दोघांचं नाव ‘जोडी’ म्हणून घातलं. मे महिन्यातलं उज्जैनचं ऊन म्हणजे सूर्य वर आला की डांबर मऊ होतं, म्हणून ग्रुप अंधारातच पार्कात जमायचा. तिथे अपर्णा मॅडम शिट्टी घेऊन उभ्या असत. बाई काटक, गालफडं बसलेली, साखर म्हणजे विष असं त्यांचं ठाम मत. उठाबशा काढून माणूस कोलमडायला आला की त्या गोड आवाजात म्हणत, “बस, और एक.” हा ‘और एक’ शेवटचा निघाल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

या सगळ्यात यज्ञेश्वररावांची सकाळ गेली होती. बँकेतून रिटायर झाल्यापासून दोघं नवरा-बायको रोज सकाळी गॅलरीत बसून पोहे खायचे. बडीशेपेचे, वर भरपूर शेव, आणि बाजूला जिलबीचं एखादं कडं. बोलायचं काही नसे, पण बसायला बरं वाटे. आता त्या वेळी विनोदिनीबाई पार्कात हात वर करून उभ्या असत आणि शेजारी यज्ञेश्वरराव हात वर करून आयुष्य कसं फुकट गेलं याचा विचार करत असत.

“मी मागाहून जेवतो,” ते कोहळ्याकडे बघत म्हणाले. “आत्ता भूक नाही.”

विनोदिनीबाई कूलरच्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. यज्ञेश्वररावांनी बँकेतलं एक जुनं लाल फडकं काढलं, कोहळा त्यात बांधला, लू लागू नये म्हणून डोक्याला आणि तोंडाला गमछा गुंडाळला आणि ते हळूच बाहेर पडले.

भर दुपारी नानाखेड्याच्या त्या कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. दारं बंद, पडदे ओढलेले, रस्त्यावर आपलीच सावली पायाखाली दडून चालतेय. तिठ्यावर अपर्णा मॅडमच्या घरासमोर मोठा कडुलिंब होता. त्याच्याखाली त्यांनी फडकं पसरलं, कोहळा मधोमध ठेवला. तिथली गाय उठून आली. तिने कोहळा हुंगला, डोळे मोठे केले आणि एकेक पाऊल मागे सरकत गल्लीत निघून गेली. यज्ञेश्वररावांना गायीबद्दल एकदम आदर वाटला. मग ते बस स्टँडकडे वळले, तिथे दोन गरम कचोऱ्या खाल्ल्या, घरी येऊन चूळ भरली आणि मेल्यासारखे झोपले.

दुसऱ्या दिवशी अंधारात ग्रुप पार्काकडे निघाला तो तिठ्यावर एकदम थांबला. कोणीतरी मोबाइलचा दिवा लावला. लाल फडक्यावर अर्धा कोहळा, आतला लाल गर सुकून काळपट पडलेला, त्यावर लिंबू, मिरची, आणि सगळ्यावर मुंग्यांची हलती चादर. यज्ञेश्वरराव दोन पावलं मागे सरकले. त्यांनी मनातल्या मनात रामनाम सुरू केलं. फडक्याच्या कोपऱ्यावर शाईचा जुना डाग दिसला तेव्हा कुठे त्यांना कळलं की हे आपलंच जेवण आहे.

“कोई कर गया,” सुमनकाकू पुटपुटल्या. सुमनकाकू समोरच्या घरात राहत, वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि कॉलनीतलं जे काही त्यांच्या खिडकीतून दिसतं ते सगळं त्यांच्या ताब्यात. “उतारा आहे हा. कोणाच्या तरी घरावर केलंय. ओलांडू नका रे कोणी.”

“मी नाही मानत यातलं काही,” अपर्णा मॅडम म्हणाल्या. त्यांनी काठीने कोहळा फडक्यासकट नालीत ढकलला. “चलिए, वॉर्मअप का टाइम हो गया.”

विनोदिनीबाईंनी नालीतल्या फडक्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि पदर खोचून म्हणाल्या, “चला, उशीर होतोय.”

त्यानंतर यज्ञेश्वररावांनी तिठ्यावर काही ठेवलं नाही. दुपारचं जेवण ते मागच्या अंगणात मोगऱ्याच्या आळ्यात पुरू लागले आणि तोंड बांधून बस स्टँडला जाऊ लागले. दुधीचा डोसा, नाचणीची लापशी, उकडलेले मूग, सगळं आळ्यात गेलं. मोगरा त्या रणरणत्या उन्हातही असा तरारून फुलला की लोक बघायला येत.

पण रविवारी पार्कात वजनकाटा आला. एकेकाचं वजन थोडंथोडं उतरलेलं. विनोदिनीबाईंचं तर चांगलंच उतरलेलं. यज्ञेश्वरराव काट्यावर चढले आणि काटा पुढे गेला. ते उतरून पुन्हा चढले. तो आणखी पुढे गेला.

“पोतनीस साहेब, घरी काय खाता?” अपर्णा मॅडमनी विचारलं.

“जे विनू देते ते. तेही अर्धंच.”

“खरंच हो,” विनोदिनीबाई शांतपणे म्हणाल्या. “आजकल तर समोर बसून घासही घेत नाहीत.”

सुमनकाकूंनी यज्ञेश्वररावांना खालून वर न्याहाळलं. “काही खात नाही, आणि वजन वाढतंय,” त्या म्हणाल्या. “मग अंदर बसून खातंय कोण?”

यज्ञेश्वरराव मोठ्याने हसले. बाकी कोणी हसलं नाही.

“भर दुपारी घरासमोरच्या तिराह्यावर पाहते मी तुला,” काकूंनी आवाज खाली आणला. “तोंड बांधलेलं. स्वतःशीच बोलत जातोस. मी हाक मारली तर ऐकलं पण नाहीस.”

ते चिंचेची चटणी घ्यावी की हिरवी, याचा खल करत जात असत. पण हे सांगायची सोय नव्हती. तेवढ्यात गर्दी त्यांच्यापासून थोडी लांब सरकली आणि ते काट्याशेजारी एकटेच उभे राहिले.

त्याच आठवड्यात एका दुपारी ते नेहमीसारखे निघाले. वारा पडला होता. कडुलिंबाचं एक पान हलत नव्हतं. तिठ्यावर आले आणि जागीच थांबले. झाडाखाली नवा उतारा होता, आणि हा त्यांचा नव्हता. पत्रावळीवर दहीभात, काळे तीळ, हळद-कुंकू माखलेला अर्धा कोहळा. एका बाजूला तेलकट गोल डाग, तिथे काहीतरी ठेवलेलं होतं आणि आता नव्हतं. आणि कोहळ्याच्या मधोमध, काळ्या दोऱ्यासकट, शर्टाचं तपकिरी बटण. एका बाजूने टवका उडालेलं.

त्यांनी छातीला हात लावला. वरचं बटण जागेवर नव्हतं.

इतका वेळ अपर्णा मॅडमच्या घरातला कूलर घरघरत होता, तो नेमका तेव्हा बंद पडला. त्या शांततेत त्यांना स्वतःच्या घशाचा आवाज ऐकू आला. मॅडमच्या खिडकीचा पडदा किंचित हलला, वारा नसताना. यज्ञेश्वरराव कचोरी विसरून जे पळत सुटले ते घराचं दार लावूनच थांबले.

विनोदिनीबाई झोपल्या नव्हत्या. बैठकीत खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. नुकतंच न्हाऊन केस मोकळे सोडलेले, कपाळावर रोजच्यापेक्षा मोठं कुंकू.

“आलात?” त्या म्हणाल्या.

“मी... जरा अंगणात होतो.”

“हो का. मोगरा काय म्हणतोय?”

यज्ञेश्वररावांना त्या दिवसापासून चैन पडेना. आयुष्यभर त्यांनी कर्जाच्या अर्जात लोकांच्या थापा शोधल्या होत्या. भुताखेतांवर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. पण आता मनात एक विचार आला आणि तो जाईना. दुपार झाली की भूक कोणाला लागते? आपण ‘आज जाऊ’ असं ठरवतो तरी कधी? पाय आपोआप बस स्टँडकडे वळतात, हात आपोआप कचोरीकडे जातो. खाताना ओळखीच्या कोणाचा चेहरासुद्धा आठवत नाही. सुमनकाकू म्हणतात तसं आत खरंच कोणी बसलेलं असेल तर? त्यांनी आरशात बघितलं. आरशातला माणूस चांगला गोल झाला होता आणि त्यांच्याकडे संशयाने बघत होता.

दुसऱ्या दुपारी विनोदिनीबाईंनी बैठकीत पाट मांडला. “बसा,” त्या म्हणाल्या. त्यांनी पडदे ओढले, धूप लावला. धुरात त्यांचा चेहरा नीट दिसेना. त्या समोर उभ्या राहिल्या आणि कधी न ऐकलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, “कोण आहेस तू?”

यज्ञेश्वरराव पाटावरच मागे सरकले. “विनू, मी...”

“तुम्ही नाही. आत आहे त्याला विचारतेय. कोण आहेस?”

धूप दाटत होता. नेमक्या त्याच क्षणी त्यांचं पोट भुकेने कळवळलं. त्यानंतर जो आवाज निघाला तो त्यांनी काढला की निघाला, हे त्यांना पुढे कधीच ठरवता आलं नाही.

“भुकेला आहे,” आवाज म्हणाला.

“काय पाहिजे?”

“पोहे.”

“कसे?”

“बडीशेपेचे. वर शेव. जिलबी.”

“नींबू?”

“पिळून.”

“मिळाले तर सोडशील ह्यांना?”

आवाजाने थोडा विचार केला. “रविवार सोडून,” तो म्हणाला.

विनोदिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या. तेलात मोहरी तडतडली, बडीशेपेचा वास सुटला, आणि पाटावर बसलेल्या यज्ञेश्वररावांचे डोळे भरून आले. भुताचं भलं होवो, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. विनोदिनीबाई वाफाळती थाळी घेऊन आल्या. पोह्यांवर पिवळीजर्द शेव, बाजूला जिलब्यांची चळत. यज्ञेश्वररावांनी हात पुढे केला. विनोदिनीबाईंनी थाळी त्यांच्या डोक्यावरून पायापर्यंत ओवाळली, पुन्हा ओवाळली, आणि म्हणाल्या, “उठा. तिराह्यावर ठेवून यायचंय.”

“ठेवून?”

“उतारा आहे. उतारा घरात कोण खातं?”

थाळी यज्ञेश्वररावांनाच उचलायला लावली होती. उन्हात दोघंच चालत होते, आणि वास नाकासमोर चालत होता. कडुलिंबाखाली त्यांनी थाळी ठेवली. ठेवताना त्यांच्या हाताला जिलबीचा पाक लागला, तर विनोदिनीबाईंनी तो पदराने पुसून काढला. मग त्यांचा हात घट्ट धरला.

“आता मागे वळून बघायचं नाही,” त्या म्हणाल्या. “काहीही होवो.”

दोघं घराकडे वळले. थोडं अंतर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की विनूचा हात थरथरतोय. ते घाबरून तिच्याकडे बघायला लागले. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

“कोहळा माझ्या हातचा, फडकं तुमच्या बँकेचं,” ती म्हणाली. “मला ओळखू येणार नाही होय? आणि मोगऱ्याला उकडलेले मूग लागतात, हे मला नव्यानेच कळलं.”

“आणि बटण?”

“मीच काढलं.”

“अगं, पण केवढा घाबरलो मी. असं का करायचं?”

तिचं हसू गेलं. “कारण मी पण घाबरले होते. शुगर वाढली तर डॉक्टर आहे. तुम्ही माझ्याशी खोटं बोलायला लागलात, ते घेऊन मी कोणाकडे जाऊ?”

यज्ञेश्वररावांना एकदम लाज वाटली. इतकी की भूकसुद्धा मेली. तोंड बांधून चोरासारखं एकट्याने खाल्लेल्या त्या कचोऱ्यांपैकी एकही त्यांना गॅलरीतल्या पोह्यांसारखी लागली नव्हती, आणि हे त्यांनी तिला तिथेच, रस्त्यात, सांगून टाकलं.

“कढईत दोन वाट्या पोहे ठेवलेत,” ती डोळे पुसत म्हणाली. “एक तुमची, एक माझी. जिलबी नाही.”

“नको जिलबी,” ते म्हणाले, आणि त्यांना तसं खरंच वाटलं. “तसाही तू त्या बटणाच्या उताऱ्यावरून गोड उचलून नेलंस, तेव्हाच मला समजायला हवं होतं.”

विनोदिनीबाई थांबल्या. “मी कशाला उचलू? मी पेढे ठेवले होते. ते तुम्ही खाल्लेत ना?”

“मी? उताऱ्यावरचे?”

दोघं रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. कुठेही पान हलत नव्हतं. आणि मागून, कडुलिंबाच्या बाजूने, आवाज आला. कुर्रम. शेव चावल्याचा. पुन्हा कुर्रम. मग थाळीवर चमचा घासला गेला.

विनोदिनीबाईंनी नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी धरला. मागे वळून कोणीच बघितलं नाही. चावण्याचा आवाज थांबला, कोणीतरी सावकाश बोटं चाटली, आणि दबक्या, गोड, रोज पहाटे कानावर पडणाऱ्या सुरात स्वतःलाच समजावलं, “बस, और एक.”