डाळिंबी रंगाबाबतची हरकत

आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीतले जिवाणू कुठलंही प्रदूषण खाण्याआधी पंधरा दिवसांची जाहीर नोटीस देतात. नोटीस आवक शाखेबाहेरच्या फलकावर ओलसर डागांनी उमटते. मी ती वाचून टाइप करतो, शिक्का मारतो आणि शेजारी टाचतो. एकोणीस वर्षं मी हे काम करतोय आणि जिवाणूंनी एकदाही मुदत चुकवलेली नाही. माणसांच्या शाखांबद्दल मी काही बोलत नाही.

पूर्वी नोटीस नव्हती. एकदा त्यांनी बाजारपेठेतल्या गॅरेजमधला तेलाचा डाग कुणाला न विचारता खाल्ला. त्या डागावर बाबू मेस्त्रींनी अठ्ठावीस वर्षं बसून काम केलं होतं. सकाळी त्यांनी स्वच्छ फरशी पाहिली आणि कुठे बसायचं तेच त्यांना कळेना. त्यांनी तक्रार केली आणि तेव्हापासून नियम झाला, की खाण्याआधी विचारायचं आणि ज्याला ती वस्तू हवी असेल त्याने हरकत घ्यायची. हरकती फार येत नाहीत. घाण कुणाला हवी असते?

यंदा रंगारी गल्लीने विहिरीचं पाणी स्वच्छ व्हावं म्हणून अर्ज केला. बंद पडलेल्या रंगशाळेच्या मागे साडेतीन गुंठे जमीन आहे. उरलेलं रंगाचं पाणी वर्षानुवर्षं तिथे ओतलं गेलं, त्यामुळे ती हातभर खोल डाळिंबी झाली आहे. तिला लागून गल्लीची विहीर आहे. विहिरीचं पाणी गुलाबी येतं आणि गल्ली बावीस वर्षं टँकरवर जगते. मुख्याधिकारी शहापुरे मॅडमनी जिवाणूंना कळवलं, जिवाणूंनी नोटीस काढली, मी टाचली. टाचताना मला बरं वाटलं नाही, हे कबूल करतो. माझ्या आईचा लग्नातला शालू त्याच डाळिंबीचा होता. लहानपणी आम्ही त्या ओहोळात पाय बुडवून शाळेत जायचो, आणि रंगारी गल्लीची पोरं कुठली ते मास्तरांना पायांवरून कळायचं.

तेराव्या दिवशी हंचाटे मास्तर हरकत घेऊन आले. ते शाळेतले मास्तर नव्हेत, रंगशाळेतले रंगमास्तर. वय अठ्ठ्याहत्तर, नखांच्या कडा अजून लालसर. अर्जात एकच वाक्य होतं, "सदरहू रंग माझा आहे, तो खाऊ नये."

सुनावणी सोमवारी झाली. जिवाणूंच्या वतीने खुर्च्यांवर त्या जमिनीतल्या चिखलाच्या दोन बरण्या ठेवल्या. एकीचं झाकण घट्ट लावलेलं होतं, कारण पहिल्या पाळीच्या जिवाणूंना हवा सोसत नाही. दुसरीचं तोंड उघडं होतं, कारण दुसऱ्या पाळीच्या जिवाणूंचं हवेवाचून चालत नाही. पहिली पाळी रंग तोडते आणि दुसरी त्याचे उरलेले तुकडे संपवते. दोघी एकाच जागेवर काम करतात आणि एकमेकींना कधी भेटत नाहीत. बरणीला टिपकागद लावला की त्यावर उत्तर उमटतं. अडचण एवढीच, की त्यांची पिढी अर्ध्या तासाची असते. दर अर्ध्या तासाने प्रतिनिधी बदलतो आणि नव्याला मागचं कामकाज पहिल्यापासून वाचून दाखवावं लागतं. ते मी दाखवलं.

मास्तर शांतपणे बोलले. असा डाळिंबी पंचक्रोशीत कुणाला जमला नाही, म्हणाले. पावडरी तशाच डब्यांतल्या, पाणी तेच, पण दुसऱ्या कुणाच्या कढईत तो येत नसे. प्रमाण त्यांनी कधी कागदावर लिहिलं नाही, सगळं हाताच्या अंदाजावर. बायको अनसूया वाळवणीच्या दोऱ्यांवर काम करायची. एकदा तिने सांगितलं, की तुमचा रंग उन्हात निळसर मारतो. कढईपाशी बायकांनी बोलायचं नसतं, असं म्हणून मास्तरांनी तिला चारचौघांत गप्प केलं. ती पुन्हा काही बोलली नाही, आणि रंगही पुन्हा निळसर मारला नाही. पुढे ती वारली. त्यानंतर दोन वर्षं रंगशाळा चालली, पण डबे भेसळीचे यायला लागले आणि रंग बसेना. मग रंगशाळाच बंद पडली. नंतर मास्तरांनी घरी पातेल्यात कितीदा तरी करून पाहिलं.

"आता खरा डाळिंबी तेवढ्या मातीत ऱ्हायलाय," ते म्हणाले. "तोही गेला तर मी काय केलं जन्मभर, ते कुणाला दाखवू?"

शहापुरे मॅडमनी जिवाणूंना म्हणणं मांडायला सांगितलं. मी टिपकागद लावला. उत्तर आलं, की हा रंग नुसता खाता येत नाही, त्याच्याबरोबर गूळ लागतो. पूर्वी रोज संध्याकाळी गूळ यायचा. बावीस वर्षं आलेला नाही.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या वडिलांच्या काळी निळीचे रांजण असत. नीळ आंबवायची तर रांजणाला रोज संध्याकाळी गूळ घालावा लागे. एक दिवस चुकला तर रांजण मरतो आणि मेला की घरात सुतक असल्यासारखे सगळे गप्प बसतात. लहानपणापासून ते काम मास्तरांकडे होतं. पुढे डब्यातल्या पावडरी आल्या, गुळाचं काम उरलं नाही, पण हात थांबेना. संध्याकाळी रंगशाळेचा सुटीचा भोंगा झाला की मास्तर मागे जाऊन गुळाचा खडा ओहोळात टाकत. मालक हसायचा. मीही लहानपणी हसलोय.

मी विचारलं, गूळ कुणी घातला तर चालेल? उत्तर आलं, कुणाचाही चालेल, पण वेळ तीच हवी.

भोंगा बंद होऊन बावीस वर्षं झाली होती. ती वेळ आता मास्तरांशिवाय कुणाच्या अंगात नव्हती.

एवढ्यात प्रतिनिधी बदलला. मी नव्याला सगळं कामकाज वाचून दाखवलं. त्याने आपणहून एक वाक्य लिहिलं आणि ते मी सभागृहात मोठ्याने वाचलं. "आमच्यातल्या कुणीही यांना पाहिलेलं नाही, पण संध्याकाळी गूळ येतो असं आम्हाला सांगितलेलं आहे आणि जवळजवळ चार लाख पिढ्या आम्ही थांबलो आहोत."

मॅडमनी चष्मा काढला. मास्तर बरणीकडे वळले.

"दिगू," ते मला म्हणाले, "म्हणजे मी ह्यांना उपाशी ठेवलं की रं."

हरकत त्यांनी तिथेच मागे घेतली. मी अर्जावर तसा शेरा मारला. मास्तरांनी सही केली, पण पेन लवकर खाली ठेवलं नाही.

पाहणीसाठी मी रोज त्यांच्याबरोबर जात होतो. मास्तर धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा बांधून आणत. घड्याळाकडे न बघता मध्येच उठत, खडा पाण्यात कालवून जमिनीवर शिंपडत आणि जरा वेळ उभे राहत. मग आम्ही जुन्या गोष्टी बोलायचो, कुणाच्या लग्नात किती शालू गेले, कुठल्या दोरीवर कुठला रंग वाळायचा. पहिल्या आठवड्यात जमीन कोकमासारखी झाली, मग कांद्याच्या सालीसारखी. सत्ताविसाव्या दिवशी ती साधी माती दिसायला लागली. रोज तिथे जाताना मला आईची आठवण येई आणि परत येताना जास्त येई.

रंग गेला तरी पाणी पिऊ नका, असं जिवाणूंनी कळवलं, तुकडे अजून बाकी आहेत. दुसऱ्या पाळीला हवा लागते म्हणून जमीन उकरायची होती. मास्तर स्वतः कुदळ घेऊन आले. मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. शेचाळिसाव्या दिवशी विहिरीचं पाणी तपासून आलं आणि गल्लीने बावीस वर्षांनी पोहरा सोडला. मास्तर गर्दीत मागे उभे होते. कुणीतरी त्यांना तांब्या दिला. ते प्यायले आणि त्यांनी तांब्या उलटा करून आत बघितलं.

नियमाप्रमाणे जिवाणूंनी दुसऱ्या दिवशी पूर्तता अहवाल दिला. त्यात काय खाल्लं ते प्रमाणासह लिहावं लागतं. मी टाइप करून प्रत मास्तरांच्या हातात दिली, कारण त्यांना त्यांचा रंग कागदावर मिळतोय याचा मला आनंद झाला होता. लाल पाच भाग, निळा अर्धा भाग, मीठ. मास्तर मान डोलावत होते. पुढची ओळ होती, पिवळा, चिमूटभर, प्रत्येक खेपेस.

"पिवळा मी कधीच घातला नाही," ते म्हणाले.

मी खालचा शेरा वाचून दाखवला. "वरच्या दोन बोटं जाडीच्या थरात, म्हणजे अखेरच्या दोन वर्षांत, पिवळा आढळला नाही."

त्यांनी मला तो पुन्हा वाचायला लावला. मी वाचला. मग ते फलकाखालच्या बाकावर बसले. मी चहा मागवला, तो गार झाला.

"मी हातपाय धुवायला जायचो, तेवढ्यात," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे कागद मागितला आणि उभ्या उभ्या खिडकीच्या कट्ट्यावर अर्ज लिहिला. मागील हरकत अर्जात 'सदरहू रंग माझा आहे' असे लिहिले होते, ते चुकीचे आहे. त्याऐवजी 'आमचा' असे वाचावे. खाली त्यांनी आपली सही केली आणि शेजारी 'कै. सौ. अनसूया' एवढं लिहून थोडी जागा मोकळी सोडली.

मी सांगितलं, की मास्तर, प्रकरण बंद झालंय. निकालात निघालेल्या अर्जात दुरुस्ती करायची तर प्रतिपक्षाची, म्हणजे जिवाणूंची, संमती लागते. त्यांनी मान हलवली आणि घरी गेले. संध्याकाळ होत आली होती, गुळाची वेळ होती.

सकाळी मी आलो तेव्हा फलकावर ओलसर डाग उमटले होते. मी वाचून टाइप केले, शिक्का मारला आणि शेजारी टाचले.

"दुरुस्तीस आमची हरकत नाही. आम्ही पहिल्यापासून दोघांचाच धरत होतो."