धुराविषयी एकमताने झालेला निर्णय

सोमवारी सकाळी गुरुमूर्तिरावांच्या मोटारीने मागच्या नळीतून पांढराशुभ्र धूर सोडला आणि तंजावूरच्या राजवाड्यामागील त्या बोळात प्रशासकीयदृष्ट्या गंभीर परिस्थिती उद्भवली.

मोटार जुनी होती. उदारीकरणाच्या कृपेने मद्रासच्या एका वकिलाने नवी घेतली, म्हणून जुनी इकडे आली. तरी बोळातली ती पहिलीच. शिवाय त्याच दुपारी गुरुमूर्तिरावांच्या मुलीची, नित्याची, तिरुचीला मुलाखत होती. मुलगी यांत्रिकी शाखेची अभियंता, नोकरी इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातली. "बसमधून उतरलेली मुलगी नोकरी मागायला आलेली दिसते; बापाच्या मोटारीतून उतरलेली नोकरी पसंत करायला आलेली," असे गुरुमूर्तिरावांचे मत होते. तिला स्वतः नेऊन सोडायचे, याच विचाराने त्यांना गेले कित्येक दिवस धड झोप नव्हती.

"अप्पा, इंजिन बंद करा," नित्या म्हणाली. "निवलं की रेडिएटरचं झाकण उघडून बघूया. पाणी कमी झालं असेल तर ते इंजिनात शिरतंय."

"बघू, बघू. आधी थोरांना विचारू."

गुरुमूर्तिरावांचा उभा जन्म महसूल खात्यात गेला होता. कोणतीही गोष्ट उघडण्यापूर्वी तिच्याविषयी मते मागवावीत, म्हणजे उघडल्यावर जे निघेल त्याची जबाबदारी एकट्यावर येत नाही, हे तत्त्व त्यांनी झाकणालाही लावले. ओट्यावर सभा भरली. कॉफी आली.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले चुलतबंधू बाळकृष्णराव प्रथम बोलले. "मार्गळी महिना आहे, गुरु. थंडीनं नळीत दव साचलं आहे. इंजिन तापलं की जाईल. चालू ठेव."

इंजिन चालू ठेवण्यात आले.

न्यायशास्त्राचे अध्यापन करून थकलेल्या व्यंकोजीमामांनी हरकत घेतली, पण ती नित्याला. "धुरावरून अग्नीचं अनुमान होतं. पाण्याचं कसं होईल? ही पोरगी साऱ्या तर्कशास्त्राला बुडवायला निघाली आहे."

"मामा, तो धूर नाही. वाफ आहे."

"मग आम्ही इथे कशाला जमलो? सभा धुरावर बोलावली आहे. वाफेवर बोलायचं तर वेगळी बोलवा."

एवढ्यात न्हाऊन आलेल्या अंबाअत्या ओले केस मोकळे सोडून मोटारीच्या मागे पाट टाकून बसल्या. "अय्यो, किती गोडसर वास! सांब्राणीच्या धुरीसारखा. गुरु, बंद करू नकोस हं, केस वाळायचे आहेत."

"अत्या, उठा तिथून! रेडिएटरच्या पाण्यात औषध घालतात ना, ते जळतंय."

"औषध? मग तर चांगलंच की!"

पाहता पाहता शेजारच्या दोघी आपापले पाट घेऊन आल्या. आता इंजिन बंद करणे हा तांत्रिक प्रश्न उरला नाही. तो लोकभावनेचा झाला.

कॉफीची दुसरी फेरी संपत आली तेव्हा धूर विरळ झाला, आणि मग अजिबात थांबला. बायकांनी हळहळत पाट उचलले. बाळकृष्णराव उभे राहिले. "बोललो नव्हतो? दव!"

"अनुमानाचा विषयच नाहीसा झाला," मामांनीही मान्य केले. "आता दोष उरत नाही."

"अप्पा, पाणी संपलं म्हणून वाफ थांबली," नित्या म्हणाली. "तो काटा बघा. लाल रेघेच्या पलीकडे गेलाय."

"काटा वर जाणं म्हणजे प्रगती," बाळकृष्णराव म्हणाले. "खाली गेला तर काळजी करावी."

गुरुमूर्तिरावांनी काट्याकडे पाहिले, मग मुलीकडे. मुलगी बरोबर बोलते आहे हे त्यांना आतून पटले होते. परंतु पटणे ही खाजगी बाब आहे, आणि ठराव सार्वजनिक. त्यांनी ऐटीत दार उघडले. "बैस, नित्या."

मोटार बोळाच्या तोंडापर्यंत गेली. तिथे आतून वरवंटा पाट्यावर आपटल्यासारखा आवाज झाला आणि ती जागच्या जागी थिजली. किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही.

"अप्पा, आता तरी माझं ऐकाल?"

"सांग, बाळ."

"रिक्षा बोलवा. बसस्टँडला जायचं आहे."

गुरुमूर्तिरावही बसमध्ये तिच्या शेजारी बसले आणि तिरुची येईपर्यंत तिला पटवत राहिले की निर्णय एकमताचा होता. तिने एकदाच म्हटले, "माझं मत कुणी मोजलं?" मग ती खिडकीबाहेरची भातशेते पाहत राहिली.

नोकरी तिला मिळाली. मोटार ढकलून घरापुढे आणली; ती आजही तिथेच उभी आहे, आणि तिच्यातून पुन्हा कधी धूर निघालेला नाही, हे सभेचे सदस्य येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने दाखवतात. नित्या सुटीला येते तेव्हा मोटारीविषयी चकार शब्द काढत नाही. "मतभेद मिटले," गुरुमूर्तिराव समाधानाने सांगतात.

हसू नका, वाचकहो. तुमच्याही घरात कुणीतरी बोलायचे थांबले असेल, आणि तुम्हीही पाहुण्यांना सांगत असाल की आता सगळे कसे सुरळीत चालले आहे.