शांततेत पार पडलेले नाटक

चौथीच्या मुलांना नाटकाचे मूलभूत घटक शिकवावेत, असा निर्णय वरच्या कार्यालयाने पूर्ण विचारांती घेतला आणि तो चौथीच्या बाईंच्या गळ्यात पडला. बाईंना मनापासून आनंद झाला. ही त्यांची पहिली चूक.

फळ्यावर त्यांनी लिहिलं : पात्रे, संवाद, संघर्ष, प्रेक्षक. मग खडू खाली ठेवून म्हणाल्या, "एक विहीर आहे. शेळी म्हणते माझी, लांडगा म्हणतो माझी. लांडगा कोण होणार?"

मागच्या बाकावरून चिमणी उठली. ही मुलगी हजेरीलाही नुसती मान हलवायची. ती अशी काही गुरगुरली, की शेळी झालेला मुलगा दप्तर टाकून दाराकडे पळाला. बाईंना प्रश्न पडला, एवढा आवाज या पोरीने आजवर ठेवला तरी कुठे होता!

आवाज ऐकून मुख्याध्यापक धावत आले. "बाई, हे काय चाललंय?"

"संघर्ष, सर. तिसरा घटक."

"तो शिकवायचाय, करायचा नाहीये! शाळेत शिस्तपालन सप्ताह चालू आहे."

"पण भांडणच नसेल तर नाटक कशाचं?"

"सामोपचाराचं," मुख्याध्यापक म्हणाले. त्यानुसार दुसऱ्या दिवशी शेळीने पहिल्याच वाक्यात अर्धी विहीर देऊन टाकली आणि लांडग्याने आभार मानले. नाटक संपलं.

मग पालक आले. शेळीचे वडील म्हणाले, "आमचा मुलगा शेळी? त्याच्या मनावर परिणाम होईल." विहिरीकाठी उभ्या केलेल्या झाडाच्या आईचं म्हणणं वेगळं होतं. "लांडग्याला बोलायला मिळतं आणि आमच्या झाडाला एक शब्द नाही? आम्ही काय घोडं मारलंय?"

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून विचार केला. "विहिरीबद्दल कुणाची तक्रार?"

कुणाचीच नव्हती. म्हणून सगळा वर्ग विहीर झाला. मुलांनी हात धरून गोल उभं राहायचं ठरलं. विहीर बोलत नसल्यामुळे संवादांचाही प्रश्न सुटला. अडली फक्त चिमणी. "मी लांडगाच," म्हणाली आणि हलेना. तेवढ्यात चौथा घटक रिकामा असल्याचं मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं. चिमणीला प्रेक्षक केलं. गप्प बसायचं, शेवटी टाळ्या वाजवायच्या. बाईंनी तिला हे शिकवलं खरं, पण त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला नाही.

प्रयोगाला वरचे साहेब आले. पडदा सरकला. विहीर उभी होती. पालकांनी मोबाईल उंचावले. "पात्रांत समानता, संवादांत संयम," साहेब कौतुकाने पुटपुटले. विहीर उभीच होती. काही सुरूच झालं नव्हतं, त्यामुळे संपलं कधी म्हणायचं हे कुणालाच कळेना.

अखेर पहिल्या रांगेतली चिमणी खुर्चीवर चढली. "अरे, कुणीतरी पाणी प्यायला या ना! नाहीतर मी येते!"

आणि गुरगुरली.

विहिरीचा एक कोपरा खुदकन हसला. दुसरा बें बें करू लागला. बाईंचं बोट सवयीने ओठांकडे गेलं, पण अर्ध्यावर थांबलं. कशी कोण जाणे, त्यांच्या तोंडून हाक गेली, "ये, लांडग्या! विहीर कुणाची?"

"माझी!" चिमणी ओरडली.

"शूऽऽऽ!" सगळे पालक एका सुरात म्हणाले. विहीर पुन्हा गोल झाली. चिमणी खाली बसली. बाईंनी मान खाली घातली.

साहेब प्रसन्न झाले. "बाकीच्या घटकांचं बघू पुढच्या वर्षी," ते उठताना म्हणाले, "पण प्रेक्षक एकदम तयार आहेत."

मुख्याध्यापकांना वाटलं, चिमणीबद्दल बोलताहेत. साहेबांची नजर मात्र पालकांच्या खुर्च्यांवरून फिरत होती. तिथे तुम्हीही होतात. आणि तेवढा मोबाईल जरा खाली धरत चला, मागच्यांना विहीर दिसत नव्हती.