शेकलेला ड्रम

आश्रमशाळेच्या बँड पथकात सत्तावीस मुलं होती. सोळा बासऱ्या, सात छोटे ड्रम, झांजांच्या दोन जोड्या, धीरजकडे सूझाफोन हा मोठा पितळी भोंगा आणि आठवीतल्या रिनाकडे मोठा ड्रम. ड्रमचा व्यास सत्तर सेंटीमीटर, वजन साडेसहा किलो. रिनाचं वजन एकतीस.

सूझाफोन हातात धरत नाहीत, अंगात घालतात. तो घातला की धीरजला कुठल्याच दारातून जाता येत नसे. मुलं त्या वाद्याला अजगर म्हणत. दोन महिन्यांत त्यातून एकच सूर निघाला होता आणि तो ऐकून स्वयंपाकघरातल्या जसोदाबाई म्हैस व्याली का ते बघायला बाहेर आल्या होत्या.

विज्ञान शिकवणाऱ्या दिनेश सरांच्या गळ्यात हा बँड पडला होता. मंगळवारी नऊ वाजता तपासणी होती. पथक तालात चाललं तर वाद्यं राहणार, नाहीतर दुसऱ्या शाळेला जाणार. हे कळल्यापासून रिना ड्रमशेजारीच जेवत होती.

मंगळवारी सकाळी तापमान सात अंश होतं. साडेसातला सरांना स्वयंपाकघरामागे धूर दिसला. रिना आणि धीरजनं मोठा ड्रम निखाऱ्यांवर आडवा धरला होता.

"आरे, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?" सर ओरडले. घाबरले की त्यांची अहिराणी बाहेर येई.

"शेकतोय, सर. थंडीत सैल पडतो ना. आजोबा ढोल शेकल्याशिवाय हातच लावत नाहीत."

"अगं, त्यांचं चामडं! हाई प्लास्टिक शे!"

"तरीच वास येतोय," धीरज म्हणाला.

ड्रमला बशीएवढं भोक पडलं होतं. सर आशेनं म्हणाले, "दुसरी बाजू तरी?"

"दोन्ही बाजू सारख्या शेकल्या, सर," रिना म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, पण कामात कसूर नव्हती.

उष्णतेनं चामडं आवळतं, हे सरांनीच नोव्हेंबरात शिकवलं होतं. प्लास्टिकचा धडा फेब्रुवारीत होता.

रिना पळाली. उतारापलीकडच्या पाड्यावर तिचं घर होतं. नवाला दहा कमी असताना ती परत आली, मागे आजोबा नवलसिंग आणि त्यांच्या गळ्यात भलामोठा ढोल.

"बाबा, तासभर ढोल द्या फक्त," सर म्हणाले.

"ढोल एकला नाय येत. मी पन येल."

वाद घालायला वेळ नव्हता. सरांनी बँडची लाल टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. रिना ढोलाच्या दुसऱ्या तोंडाशी उभी राहिली.

तपासणीला आलेल्या रंजना मॅडम रांगेवरून नजर फिरवत तिथे थांबल्या. "हे कितवीत आहेत?"

"दुसरी," नवलसिंग म्हणाले. "मंग साळंत गेलोच नाय. पंचावन वर्सं झाली."

"बदली वादक आहेत, मॅडम," सर घाईनं म्हणाले आणि पथकाकडे वळून ओरडले, "तेज चल!"

ढोलावर टिपरू पडलं आणि सत्तावीस मुलांचे पाय एकदम उचलले गेले. दोन महिने डावा-उजवा ओरडून जे जमलं नव्हतं, ते दहा पावलांत जमलं. अजगरसुद्धा वेळेवर हंबरला.

दोनशे मीटरवर सर ओरडले, "थम!"

कुणी थांबलं नाही.

"बाबा, थम! बस झालं!"

"नाचनारा थांबला का ढोल थांबल. आधी नाय."

"पण नाचतंय कोण?"

नवलसिंगांनी टिपरूनं मागे दाखवलं. जसोदाबाई हातात झारा घेऊन नाचत होत्या, त्यांच्यामागे स्वयंपाकघर रिकामं झालं होतं.

पथक फाटकाबाहेर पडलं. पहिल्या पाड्यावर माणसं धावत आली.

"होळी आली का रे?"

"नाही, तपासणी आली!" धीरज भोंग्याआडून ओरडला.

माणसांना एवढं पुरलं. जुने नाचणारे दमेपर्यंत पुढचा पाडा येई आणि ताजे मिळत. सर पळत पळत मॅडमना म्हणाले, "तुम्ही परत जा मॅडम, मी यांना घेऊन येतो."

"कशी जाऊ?" मॅडमनी धापा टाकत कागद दाखवला. "आज्ञेनंतर पथक कुठे थांबलं, ते मला लिहायचंय. थांबू तर द्या!"

तिसऱ्या पाड्यानंतर ओढा लागला. पाणी बघून नाचणारे बसले आणि ढोल थांबला. रिनानं टिपरू खाली ठेवलं नाही. ती मॅडमच्या पेनाकडे बघत होती.

मॅडमनी पाय पाण्यात सोडले, मोबाइलवर नकाशा उघडला आणि लिहिलं:

"पाय जुळणे: दहापैकी दहा. वाद्ये याच शाळेत ठेवावीत. 'थम' या आज्ञेनंतर पथक थांबल्याचे अंतर: तीन किलोमीटर चारशे मीटर."